इचिगेन : क्योतोतील गिओन आळी आणि नवागत

जपानी भाषेत 'इचिगेन' असा एक शब्द आहे. 'एक' आणि 'पाहणे' या दोन अर्थांच्या चिन्हांनी तो लिहितात. प्रथमच दारी आलेला, ज्याची पूर्वओळख नाही असा मनुष्य, हा त्याचा व्यवहारातील अर्थ होय. क्योतो नगरातील गिओन नावाच्या जुन्या आळीत चहागृहांचा एक प्रघात फार दिवसांपासून चालत आलेला आहे. 'इचिगेन-सान ओकोतोवारी', म्हणजे प्रथमच येणाऱ्या गृहस्थांस नम्रपणे नकार. नकार देतानाही त्या अनोळखी माणसास 'सान' हे आदरार्थी उपपद लावावयास ही मंडळी विसरत नाहीत. आणि तरीही जपानात प्रथमच पाऊल ठेवणारा प्रवासी, मग तो मराठी असो वा मेक्सिकन, जे पाहावयाचे म्हणून घरून ठरवून येतो त्यांत हीच आळी अग्रभागी असते. ज्या वस्तीचे नाव नवागतास नकार देण्याबद्दल गाजले, तीच नवागतांनी सर्वांत अधिक गजबजलेली असावी, हा विरोध आजचाच नाही. त्याची मुळे शोधू गेल्यास आळीच्या जन्मापर्यंत जावे लागते. प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाशास्त्राचे असल्यामुळे हा शोध शब्दांच्या मार्गाने होणार, हे वाचकांनी आधीच गृहीत धरावे.

प्रारंभ नावापासूनच करू. भारतीय पाहुण्यास 'गिओन' हा शब्द पूर्णतः परका वाटतो. तो परका नाही. श्रावस्तीच्या अनाथपिंडद श्रेष्ठीने जेत नावाच्या राजपुत्राकडून उद्यान विकत घेऊन ते बुद्धास अर्पण केले, ही कथा सर्वश्रुत आहे. भूमीवर सुवर्णनाणी अंथरून दिलेली ती किंमत भारहुतच्या शिल्पांत आजही पाहावयास मिळते. चिनी भाषांतरकारांपुढे जेव्हा 'जेतवन अनाथपिंडदाराम' हे लांबलचक नाव आले, तेव्हा त्यांनी अर्धे ध्वनीने आणि अर्धे अर्थाने उतरविले. 'जेत' हे नाव ध्वनीने घेतले. जपानी उच्चारात ते 'गिदा' होते. 'अनाथपिंडद' मात्र अर्थाने घेतले; एकाकी व पोरक्या जनांना देणारा, अशा अर्थाची चिन्हे त्यासाठी योजिली. अशा रीतीने सिद्ध झालेल्या 'गिजु गिक्कोदोकु-ओन' ह्या नावातील पहिले आणि शेवटचे चिन्ह तेवढे ठेवून लोकव्यवहाराने 'गि-ओन' केले. पहिल्या अक्षरात जेत राजपुत्र आणि शेवटच्यात उद्यान. मधला दाता श्रेष्ठी गळून पडला. ध्वनिक्षयाची उदाहरणे वर्गात देताना ह्याहून करुण उदाहरण मला सापडलेले नाही.

कामो नदीच्या पूर्वेस डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या देवस्थानास हे नाव मिळाले, कारण तेथे पूजिला जाणारा गोझु तेन्नो, म्हणजे वृषभमस्तक स्वर्गराज, हा जेतवनाचा रक्षक मानला जात असे. साथींच्या रोगांचा तो देव. इ.स. ८६९ साली राजधानीत रोगराई माजली असता देशातील प्रांतांच्या संख्येइतके, ६६ भाले उभारून जी शांती करण्यात आली, तिच्यातूनच पुढे जगप्रसिद्ध गिओन उत्सव उदयास आला. परंतु १८६८ साली मेइजी शासनाने शिंतो आणि बौद्ध यांची फारकत करण्याचा हुकूम काढला, त्यात बौद्ध वळणाची देवनामे वर्ज्य ठरली आणि गोझु तेन्नोचे नाव तेथे स्पष्टपणे घेण्यात आले. देवस्थान 'यासाका' झाले. देव जपानी पुराणांतील सुसानोओ ठरला. उत्सवाचे आणि आळीचे नाव मात्र कोणी बदलले नाही. ज्या देवस्थानाने हे नाव वस्तीला दिले त्याच्याकडून ते काढून घेतले गेले आणि ज्यांनी ते उसने घेतले त्यांच्याकडे ते राहिले. नवागतास हे सांगितले असता तो बहुधा प्रवेशद्वाराकडे पाहून मान डोलावतो. हे द्वारही एक गंमतच आहे. शिजो रस्त्याच्या टोकाशी उभे असलेले तांबडे पश्चिमद्वार छायाचित्रांत सर्वत्र झळकते. परंतु देवस्थानाचे मुख्य द्वार ते नव्हे. मुख्य द्वार दक्षिणेस आहे आणि तेथे बहुतेक पाहुणे जातच नाहीत.

जेतवनाच्या नावाने जपानी प्रवाशांनाही एकदा चकविले आहे. 'हेइके मोनोगातारी' ह्या मध्ययुगीन महाकथेचा आरंभच गिओन विहाराच्या घंटेच्या उल्लेखाने होत असल्यामुळे ते नाव जपानी माणसाच्या तोंडी असतेच. सतराव्या शतकात मोरिमोतो काझुफुसा नावाचा एक सामुराई दक्षिणेकडील समुद्र ओलांडून कंबोडियातील अंगकोर वाट येथे पोहोचला आणि १६३२ साली त्याने तेथील स्तंभावर शाईने आपला लेख लिहून ठेवला. तो अद्याप दिसतो. त्या काळातील जपान्यांची समजूत अशी, की ते मंदिर म्हणजेच भारतातील गिओन विहार. अंगकोरचा एक आराखडा 'गिओन विहाराचा नकाशा' म्हणून काढला गेला आणि १७१५ साली केलेली त्याची नक्कल मितो येथे जतन झाली. हजारो कोस चुकलेल्या त्या यात्रेकरूंना कोणी वाटाड्या भेटला असता तर काय झाले असते, हा विचार मनात येतो. कदाचित वाटाड्यानेच त्यांना तसे सांगितले असेल.

आता आळीकडे वळू. क्योतोची स्थापना इ.स. ७९४ ची, सम्राट काम्मूची. चीनच्या चांगआनचा आदर्श समोर ठेवून आखलेले ते चौकटीचे नगर कामो नदीच्या पश्चिमेस होते. गिओन नदीच्या पूर्वेस, म्हणजे मूळ आखणीच्या बाहेर. देवस्थानास व कियोमिझुच्या मंदिरास जाणाऱ्या यात्रेकरूंना वाटेत पाणी व चहा देणाऱ्या टपऱ्या तेथे बसू लागल्या. गिओनचा उगम हा असा आहे : वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसाला चहाचा पेला पुढे करणारी बाई. तो माणूस पुन्हा येईल की नाही, हे तिला ठाऊक नसे. १६७० साली कामोच्या काठांना दगडी बांध घातले गेले, पुराचे भय कमी झाले, आणि नदीकाठच्या जमिनीवर घरे उठली. शिजोच्या परिसरात नाट्यगृहे होतीच. अठराव्या शतकाच्या आरंभी वस्ती उत्तरेस शिराकावा प्रवाहापर्यंत सरकली. टपरीचे चहागृह झाले, चहाबरोबर मद्य आले, मद्याबरोबर गाणे-नाचणे. 'ओचाया', म्हणजे चहाचे घर, हा शब्द तेवढा टिकला; तेथे जाऊन आता कोणी चहासाठी बसत नाही.

ह्याच शतकांत नवागताला नगर दाखविणारे ग्रंथही जन्मास आले. १६५८ साली नाकागावा किउन ह्या वैद्य-कवीने 'क्यो वाराबे', अर्थात 'क्योतोची पोरे', हा ग्रंथ छापला. १६६५ साली असाइ र्योइ याने 'क्यो सुझुमे', 'क्योतोची चिमणी', लिहिला. नगराच्या छपराछपरावर बसून सर्व काही जाणणारी चिमणी ही ह्या लेखकांची वाटाड्याविषयीची कल्पना होती, आणि पुढे एदो नगरालाही अशीच एक 'चिमणी' मिळाली. र्योइच्या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे, की तो मंदिरे सोडून रस्ते घेऊन बसतो : कोणत्या रस्त्यावर कोणत्या आळी, तेथे कोणते धंदे. १७८० मध्ये 'मियाको मेइशो झुए' प्रसिद्ध झाला. मजकूर अकिसातो रितोचा, चित्रे ताकेहारा शुंचोसाइची, भाग सहा. ह्या सचित्र ग्रंथाला इतकी मागणी आली की १७८७ साली पुरवणी काढावी लागली, आणि जपानभर प्रत्येक प्रांताचे असे 'झुए' निघू लागले. चित्रे उंचावरून पाहिल्यासारखी आहेत. ढगांच्या पट्ट्यांमधून छपरे डोकावतात आणि खाली मुंग्यांएवढी माणसे चालतात. घरबसल्या पाहण्याची ती सोय होती. क्योतोला कधीही न गेलेल्या कित्येक वाचकांनी तो ग्रंथ वाचून नगर पाहिल्याचे समाधान मानले असणार.

'मेइशो' ह्या शब्दाशी थोडे थांबावयास हवे. आज त्याचा अर्थ प्रेक्षणीय स्थळ असा घेतात. चिन्हांचा अर्थ 'नावाचे ठिकाण'. प्राचीन काळी हीच चिन्हे 'नादोकोरो' अशी वाचीत, आणि ज्या स्थळाचे नाव काव्यात वारंवार आलेले आहे ते नादोकोरो, असा संकेत होता. दरबारी कवी अशा स्थळांवर काव्य रचीत, पण तेथे गेलेले असत असे नाही. जाण्याची आवश्यकताही त्यांना वाटत नसे. म्हणजे स्थळ पाहण्यापूर्वी ते नावाने ठाऊक असणे ही मूळ अट होय. वाटाड्या जे दाखवितो ते स्थळ नसते; पाहुण्याला आधीच ठाऊक असलेल्या नावाखाली तो एक जागा आणून ठेवतो. आजचा प्रवासी जेव्हा गिओनच्या तोंडाशी उभा राहून 'गेइशा कोठे दिसतील?' असे विचारतो, तेव्हा तो ह्याच परंपरेतला असतो. त्याला फक्त एवढे सांगावे लागते, की क्योतोत 'गेइशा' म्हणत नाहीत, 'गेइको' म्हणतात. आणि विद्यार्थिनीस 'माइको'. ह्या कलावंतिणींचा व्यवसाय देहविक्रयाचा मानणे ही मोठी चूक आहे. नृत्य, शामिसेन-वादन आणि संभाषण हे त्यांचे शिक्षण. त्यांची आपापसातील संबोधने कुटुंबातली असतात : घरधनीण ती 'आई', आपल्याआधी व्यवसायात आलेली ती 'ताई', मग ती वयाने लहान का असेना.

परदेशी नवागताचा प्रवेश मात्र बराच उशिरा झाला. १८६४ च्या भीषण आगीत नगराचा मोठा भाग जळाला होता. १८६५ साली गिओनमध्येही आग लागून शिराकावाजवळची घरे गेली. पाठोपाठ दरबार एदोला, म्हणजे तोक्योला गेला आणि हजार वर्षांची राजधानी रिती झाली. तिला सावरण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांनी १८७२ साली मोठे प्रदर्शन भरविले. निशी होंगान्जी, केन्निन्जी आणि चिओन-इन ही तीन मंदिरे त्यासाठी घेण्यात आली. परदेशीयांना त्या काळी करारातील बंदरांच्या आसपासच वावरता येई, देशात आत जावयाचे तर परवाना लागे. प्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांना क्योतोत येण्याची विशेष मुभा मिळाली. पाहुण्यांच्या रंजनासाठी गिओनच्या कलावंतिणींचे सामूहिक नृत्य तिसरी इनोउए याचियो हिने बसविले. ते 'मियाको ओदोरी' आजही दर एप्रिलात होते. बंद खोलीत मोजक्या ओळखीच्या पाहुण्यांसमोर होणारी कला तिकीट काढून कोणासही पाहता येऊ लागली, हा त्या घटनेचा अर्थ आहे. 'इचिगेन'ला नकार देणाऱ्या आळीने त्याच्यासाठी एक दार वेगळे काढले.

ह्याच प्रदर्शनाच्या वातावरणात, १८७३ साली, परदेशी पाहुण्यांसाठी क्योतोच्या प्रसिद्ध स्थळांची एक इंग्रजी मार्गदर्शिका छापली गेली. तिचा कर्ता यामामोतो काकुमा. हा मनुष्य मला फार विलक्षण वाटतो. आइझु संस्थानाचा हा सामुराई, तोफविद्येचा आणि पाश्चात्त्य शास्त्रांचा जाणकार. १८६८ च्या यादवीत पराभूत पक्षाचा म्हणून त्याला कैद झाली. तत्पूर्वीच त्याची दृष्टी गेली होती आणि कैदेनंतर पायही अधू झाले. तरीही विजयी शासनाच्या क्योतो प्रांतानेच त्याला सल्लागार नेमले. पुढे १८७५ साली दोशिशा विद्यालयाच्या स्थापनेत नीजिमा जो ह्याच्या बरोबरीने त्याचा वाटा होता. नगराची प्रेक्षणीय स्थळे अनोळखी माणसाला दाखविणारे हे पुस्तक, ती स्थळे स्वतः पाहू न शकणाऱ्या माणसाच्या हातून सिद्ध झाले. ज्याला काही दिसत नव्हते त्याने कोणती स्थळे वगळावयाची ह्याचाही निर्णय केला असणार. वर ज्या दरबारी कवींचा उल्लेख आला त्यांची आठवण येथे होते. पण ते महालात बसून लिहीत आणि हा उद्ध्वस्त नगराची पोटापाण्याची सोय लावीत होता, एवढा फरक आहे.

वाटाड्यांच्या कथा आणि इतिहास ह्यांची गल्लत गिओनमध्ये कशी होते, ह्याचे उत्तम उदाहरण शिजो आणि हानामिकोजी ह्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे. तांबड्या भिंतीचे ते चहागृह म्हणजे 'इचिरिकी'. सत्तेचाळीस निष्ठावंतांचा नायक ओइशी कुरानोसुके शत्रूची दिशाभूल करण्यासाठी येथेच विलासात रमल्याचे सोंग करीत असे, असे प्रत्येक पाहुण्यास सांगितले जाते. १७०१-०२ मध्ये ओइशी क्योतोजवळ यामाशिना येथे राहत होता, हे खरे. पण त्याच्या विलासाचे स्थळ म्हणून फुशिमी येथील शुमोकुमाची ही वस्ती अधिक विश्वसनीय मानली जाते. गिओनचा संबंध जोडला तो १७४८ च्या 'कानादेहोन चूशिंगुरा' ह्या बाहुलीनाट्याने. शासनाच्या भयाने त्यातील सर्व नावे बदललेली होती. चहागृहाचे नाव 'योरोझु' लिहिण्याचे चिन्ह, अर्थ 'दहा सहस्र', मधोमध फोडले की वर 'एक' आणि खाली 'बळ' ही दोन चिन्हे मिळतात. त्यांचा उच्चार 'इचिरिकी'. नाटक इतके गाजले की खऱ्या घरालाच लोक नाटकातल्या नावाने ओळखू लागले. अर्थात नाटकाने घराचे नाव उचलले, त्याला मुखवटा चढविला आणि मुखवटा घरालाच परत दिला. ही हकीकत ओइशीच्या दंतकथेहून किती तरी सुरस आहे, परंतु ती सांगणारे वाटाडे थोडे.

असाच लोकव्युत्पत्तीचा मोह नदीपलीकडच्या 'पोंतो-चो' ह्या आळीबाबतही आढळतो. हे नाव पोर्तुगीज शब्दावरून आले असे छातीठोकपणे सांगितले जाते. ते तसे असूही शकेल, पण विद्वानांत एकमत नाही. मराठी पाहुण्यांचा मोह आणखी निराळा असतो. जपानी 'सेवा' हा शब्द, ज्याचा अर्थ काळजी वाहणे, देखभाल करणे असा आहे, कानी पडला की त्यांना आनंदाचे भरते येते. माझ्याबरोबर आलेल्या प्रत्येक मराठी मंडळाने तो शब्द शोधून काढून माझ्यापुढे ठेवलेला आहे. त्याचा आपल्या 'सेवे'शी काही संबंध नाही, हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटते. म्हणून लगेच मी 'दान्ना' हा शब्द पुढे करतो. धनी, यजमान, आणि गिओनच्या परिभाषेत एखाद्या कलावंतिणीचा आश्रयदाता, असे त्याचे अर्थ आहेत; आणि त्याचे मूळ संस्कृत 'दान' अथवा 'दानपति' ह्यात आहे, ह्याविषयी शंका नाही. भिक्षुसंघाला दान देणारा तो दान्ना. मठातून तो शब्द बाजारात आला आणि बाजारातून चहागृहात. अनाथपिंडद हा पहिला मोठा दान्ना होता असे म्हटल्यास ते विनोदापुरते खोटे नाही. जेतवनाच्या नावातून गळालेला दाता आळीच्या बोलीत असा परतलेला आहे.

घरांच्या जाळीदार गजांना व भिंतींना जो तांबूस रंग दिलेला दिसतो, त्याला 'बेंगारा' म्हणतात. ही लोहमिश्रित गेरू. नाव बंगालवरून पडले. छपरावरच्या 'कावारा'चा संबंध संस्कृत 'कपाला'शी जोडण्याची रूढी जुनी आहे, परंतु ती वादग्रस्त आहे, आणि आपले 'कौल' त्या रांगेत नेऊन बसविण्याचा मोह मराठी माणसाने आवरलेला बरा. गल्लीच्या कोपऱ्यावर लाल आंगडे घातलेली लहानशी दगडी मूर्ती असते, ती 'जिझो', म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्व. ऑगस्टात मुलांचा एक सण तिच्याभोवती साजरा होतो. आणि ज्या वर्णक्रमाने जपानी मूल आपली अक्षरे शिकते, अ इ उ ए ओ, क, स, त, न, ह, म, य, र, व, तो सिद्धम् लिपीच्या अध्ययनातून घडलेला आहे. 'ह' हा 'प' च्या स्थानी का आणि 'स' हा 'च' च्या स्थानी का, हे एकदा उलगडून दाखविले की श्रोत्यांतील शिक्षक मंडळी आळी विसरून वहीत लिहू लागतात.

गिओन उत्सवाविषयीही एक दुरुस्ती करावी लागते. १७ जुलैच्या मिरवणुकीतील उंच रथ गिओन आळीचे नव्हेत. ते नदीच्या पश्चिमेकडील व्यापारी आळींचे आहेत; प्रत्येक रथ एकेका आळीच्या मालकीचा. येथे आळी म्हणजे काय हेही सांगावयास हवे. क्योतोत आळीची सीमा रस्त्याने ठरत नाही. रस्ता हा आळीचा कणा असतो. दोन चौकांमधील रस्त्याच्या दोन्ही बाजूंची समोरासमोरची घरे मिळून एक आळी होते. समोरच्या घरातील माणूस शेजारी. पाठीला पाठ लागलेले घर मात्र दुसऱ्या आळीचे. ह्या आळींनी शतकानुशतके आपल्या रथांसाठी परदेशी वस्त्रे जमविली. त्यांत फ्लँडर्सची चित्रजवनिका आहे, तसे सतराव्या-अठराव्या शतकांतील भारतीय गालिचे आहेत. काही गालिचे दख्खनच्या मागांवरचे असल्याचे मत अभ्यासकांनी मांडलेले आहे. आपल्याकडे ज्या प्रकारचे नमुने फारसे उरले नाहीत ते तेथे आळीच्या कोठारात नीट घडी घालून ठेवलेले आहेत.

आता पुन्हा 'इचिगेन'कडे. हा नकार उद्धटपणाचा नाही, हिशेबाचा आहे. चहागृहात स्वतःचे स्वयंपाकघर नसते. जेवण बाहेरच्या खानावळीतून येते, कलावंतीण आपल्या निवासगृहातून येते, आणि ह्या सर्वांचे पैसे घरधनीण प्रथम स्वतः देते. पाहुण्याला त्या रात्री पैसे मागण्याची रीत नाही. देयक मागाहून त्याच्या घरी जाते. अनोळखी माणसावर असा विश्वास कोण टाकील? म्हणून जुन्या गिऱ्हाइकाने नव्याला आणावे, आणि नव्याने पैसे बुडविल्यास वा गैरवर्तन केल्यास जुन्याने जबाबदारी घ्यावी. ही रीत समजली म्हणजे कळते, की नकाराच्या पोटात एक मूक प्रश्न आहे : तुमच्याबद्दल शब्द कोण देईल? वाटाड्या ह्या प्रश्नाचे उत्तर असतो. निदान असावयास हवा.

हे मला उशिरा समजले. पहिल्यांदा मी काही मराठी प्राध्यापकांना घेऊन दक्षिण गिओनच्या एका अरुंद गल्लीत गेलो, तेव्हा जेतवनाची सारी कथा तेथेच उभी करून सांगितली. मंडळी रंगली होती, आणि माझा आवाज वर्गात पोहोचावा असा आहे. एक वृद्ध बाई दारासमोर पाणी शिंपडीत होत्या. त्या हसल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "किती छान आवाज आहे हो आपला. आतल्या खोलीपर्यंत स्पष्ट ऐकू येतो." मी आभार मानले. पाहुण्यांना त्याचे भाषांतरही करून सांगितले, आणि पुढच्या दारापाशी तितक्याच जोराने उरलेली कथा पुरी केली. संध्याकाळी एका क्योतोवासी सहकाऱ्यास हे प्रौढीने सांगितले तेव्हा तो काही वेळ गप्प राहिला. मग त्याने माझ्याच विषयातला एक प्रश्न मला विचारला : वाक्याचा अर्थ आणि वाक्याचा हेतू ह्यांत आपण विद्यार्थ्यांना काय फरक शिकवता? भाषाशास्त्रातील पदवीने मला त्या बाईंचे शब्द दिले होते; बाईंचे म्हणणे दिले नव्हते.

ज्या आळीत मी उभा होतो ती तशी दिसते हाही योगायोग नाही. १९४५ साली हवाई हल्ल्याच्या आगी पसरू नयेत म्हणून शासनाने नगरात घरांच्या रांगा पाडल्या. गोजो, ओइके, होरिकावा हे आजचे रुंद रस्ते त्यातून निघाले, आणि शिराकावाच्या काठची चहागृहेही गेली. त्यांपैकी एका घराच्या जागी कवी योशिइ इसामू ह्यांच्या कवितेची शिळा १९५५ साली उभारण्यात आली. पाहुणे तिच्यापाशी छायाचित्रे काढतात, परंतु ती शिळा एका पाडलेल्या घराचे ठिकाण दाखविते, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते. पुढे १९७० च्या दशकात जुनी घरे जाऊन नव्या पद्धतीच्या इमारती उठण्याची वेळ आली असता रहिवाशांनी आग्रह धरला, आणि १९७६ साली गिओन शिंबाशीचा जेमतेम दीड हेक्टरचा भाग राष्ट्रीय पातळीवर संरक्षित झाला. तेथील घरे बहुतांशी १८६५ च्या आगीनंतरची आहेत. पाहुणे त्यांना हजार वर्षांची समजतात. त्यांना प्राचीन ठरविण्याची घाई वाटाड्यांनाच अधिक असते.

दक्षिण बाजूची कहाणी निराळी. ती जमीन मुळात १२०२ साली स्थापन झालेल्या केन्निन्जी मंदिराची. मेइजी शासनाने देवस्थानांच्या जमिनी काढून घेतल्या, आणि १८७० च्या दशकात आळीतील स्त्रियांना शिक्षण व हस्तव्यवसाय देण्यासाठी निघालेल्या संस्थेकडे ती आली. त्याच संस्थेची वारस शाळा आज गेइको-माइकोंना नृत्य, वादन, चहाविधी शिकविते, आणि बरीचशी जमीन तिच्याकडेच आहे. म्हणून तेथील अनेक गल्ल्या सार्वजनिक रस्ते नसून खाजगी आहेत. २०१९ साली जपानात तीन कोटी अठरा लक्षांहून अधिक परदेशी पाहुणे आले. त्या वर्षी दक्षिण गिओनच्या रहिवाशांनी खाजगी गल्ल्यांत छायाचित्रण करू नये, केल्यास दहा हजार येन घेण्यात येतील, असे फलक लावले. कामावर निघालेल्या माइकोंची वाट अडविणे, बाही ओढणे इथवर मजल गेली होती. महामारीत रस्ते ओस पडले. २०२४ मध्ये पाहुण्यांची संख्या तीन कोटी अडुसष्ट लक्षांवर गेली, आणि त्याच वर्षी काही गल्ल्यांत पर्यटकांनी शिरूच नये असे नवे फलक आले. ही भाषा बाईंच्या भाषेसारखी नव्हती. दोन लिप्यांत, ठळक अक्षरांत, सरळ. शब्द देणारा कोणी मधे नसला म्हणजे आळीला असे बोलावे लागते. ज्या बोलीत नकारही आदरार्थी उपपदासह होत असे, तिच्यावर ही पाळी आणण्यात माझ्यासारख्या वाटाड्यांचा वाटा किती, हा हिशेब मी टाळू शकत नाही.

हल्ली मी मंडळींना प्रथम शिजोच्या पुलाखाली, कामोच्या काठावर नेतो. तेथे बसून जेतवन, गोझु तेन्नो, काकुमा, दान्ना हे सारे सांगून घेतो. नदीच्या आवाजात माझा आवाज कोणाला बाधत नाही. प्रश्नही तेथेच संपवावयास सांगतो. मग पूल ओलांडून हानामिकोजीच्या मुख्य रस्त्याने, दोघा-दोघांनी, न बोलता आम्ही केन्निन्जीपर्यंत जातो. गल्लीच्या तोंडाशी फलक असेल तेथे थांबून फलक तेवढा वाचतो. मागल्या खेपेस एका तरुण प्राध्यापिकेने मंदिरात पोहोचल्यावर विचारले की त्या रस्त्यावर टक् टक् असा जो आवाज येत होता तो कशाचा. मला तो ऐकू आला नव्हता. परतताना कान देऊन चाललो, तेव्हा कळले : एका बंद दाराआड कोणी तरी शामिसेनवरचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा घोटीत होते, आणि तो आवाज तारेपेक्षा वाद्याच्या कातड्यावर पडणाऱ्या फाळाचा अधिक होता.